जेलीतला सीटी: एक्स-रेशिवाय स्कॅनर बांधतानाच्या नोंदी

४ जानेवारी

सीटी स्कॅनच्या कन्सोलवर एकवीस वर्षं बसलो. रुग्ण आत, बटण दाबलं, चित्र बाहेर. चित्रात कडी (गोल वलयं) दिसली की एअर कॅलिब्रेशन (आत रुग्ण नसताना घेतलेलं मोजमाप) करायचं, तरी गेली नाहीत की इंजिनिअरला फोन. कडीच का येतात, चौकोन का नाही, हे कधी विचारलं नाही. भाची भौतिकशास्त्र शिकते. तिने परवा विचारलं, "मामा, पण चित्र तयार कसं होतं?" मी दिलेलं उत्तर माझं मलाच पटलं नाही. म्हणून हा उद्योग.

एक्स-रे घरी करायचा प्रश्नच नाही. इतकी वर्षं छातीवर एक्स-रेची मात्रा मोजणारा बॅज लावून काम केलेला माणूस तसलं धाडस करत नाही, तुम्हीही करू नका. पण सीटीचं गणित एक्स-रेला बांधलेलं नाही. किरण सरळ जावा, वाटेत थोडा थोडा शोषला जावा आणि पलीकडे किती उरला ते मोजता यावं, एवढंच त्याला लागतं. अर्धपारदर्शक जेलीत साधा प्रकाश हे सगळं करतो. उंदराच्या भ्रूणांची अशी प्रकाशाने काढलेली त्रिमितीय चित्रं जेम्स शार्प आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली होती, तेव्हा वाट मळलेली आहे.

मांडणी अशी: मागे एलईडीचं पांढरं पॅनेल, मध्ये जेली, पुढे दीड मीटरवर कॅमेरा. जेली वरून मोटरला टांगलेली. थोडी फिरवायची, फोटो काढायचा, पुन्हा थोडी फिरवायची. खऱ्या सीटीत नळी आणि डिटेक्टर रुग्णाभोवती फिरतात. इथे रुग्णच फिरतो. कोड भाचीकडे, जेली आणि बाकीची हमाली माझ्याकडे.

७ जानेवारी

पहिली चूक पहिल्याच दिवशी. जेली काचेच्या गोल बरणीत ओतली आणि बरणीच फिरवली. फोटोत बरणीच्या दोन्ही कडा काळ्याकुट्ट, आणि मधला भाग आडवा फुगलेला. गोल बरणी म्हणजे भिंगच झालं. किरण वाकला की "सरळ रेषेत किती शोषलं गेलं" हा हिशोबच उरत नाही.

उपाय: सपाट काचांची चौकोनी टाकी, तिच्यात पाणी, आणि जेली बरणीतून काढून थेट पाण्यात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, पातळ जेलीचा त्याच्या अगदी जवळ, म्हणून किरण हद्द ओलांडताना जवळपास वाकत नाही. गंमत म्हणजे सीटीचा शोध लावणाऱ्या हाउन्सफील्डच्या पहिल्या यंत्रातही रुग्णाचं डोकं पाण्याच्या पेटीत बसवलेलं असायचं. कारण वेगळं होतं (हवा आणि हाड यांच्यातल्या प्रचंड फरकाने मोजमाप बिघडू नये), पण पाण्याची पेटी तीच.

११ जानेवारी

जेलीवर पाच दिवस गेले. इतरांचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जिलेटिन घेतलं. दिसायला काचेसारखं स्वच्छ. ६० मिमी व्यासाचा दंडगोल केला, त्यात भोकं ठेवली आणि शाई मिसळलेलं गरम जिलेटिन भोकांत ओतलं. भोकांच्या भिंती वितळल्या. जिलेटिन तिशीच्या आसपासच मऊ पडतं, त्यात साठ अंशांचा रस ओतल्यावर दुसरं काय होणार! दोन दंडगोल असे वाया गेल्यावर अगरकडे वळलो. अगरचा स्वभाव या कामाला फार सोयीचा आहे: ४० अंशांच्या खाली कुठेतरी गोठतो, पण एकदा गोठला की ८५ च्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे बाहेरचा भाग गोठल्यावर भोकांत ५० अंशांचा शाईचा अगर बिनधास्त ओता, भिंतींना काही होत नाही.

अगरची खोड म्हणजे तो गढूळ असतो. दीड टक्क्याचा केला तर दुधाळ दिसला, मागचा प्रकाश विखरून गेला. ०.७ टक्क्यावर आणला तेव्हा ठीक झालं. त्याहून पातळ केला तर हातात घेताच फाटतो. पाणी आधी उकळून घ्या, नाहीतर त्यातली विरघळलेली हवा गोठताना बुडबुडे होऊन अडकते. ढवळताना फेस केलात तर तोही तसाच राहतो.

भोकांसाठी जेलीत काचेच्या भरीव कांड्या उभ्या केल्या होत्या. उपसताना खाली पोकळी होऊन जेली आत ओढली गेली आणि चिरली. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळ्या वापरल्या, थोडं पिळून उपसल्या, वरून हवा आत गेली, काम झालं.

टांगायला वर भोकांची प्लास्टिकची चकती. गोठण्याआधीच ती जेलीत बुडवून ठेवायची, म्हणजे जेली भोकांतून वर येऊन पकड घेते. पाण्यात जेलीला वजन जवळपास नसतंच. हवेत उचलतानाच ती सुटते. खालून तळहात द्या. मी नाही दिला.

१३ जानेवारी

रंग सुरुवातीला लाल घेतला होता, पाण्यात विरघळणारा. रात्री फँटम (चाचणीसाठीचा नकली रुग्ण, म्हणजे भोकांत रंग भरलेली जेली) तयार करून ठेवला, सकाळी पाहिलं तर रंग भरलेल्या तिन्ही भोकांच्या, म्हणजे नळ्यांच्या, कडा पुसट होऊन लाली चार-पाच मिलिमीटर पसरलेली. लहान रेणू जेलीतून आरामात झिरपतात. फँटम ताजा असतानाच स्कॅन करणं हा उपाय नव्हे, कारण स्कॅन हुकला की सगळं पुन्हा करावं लागतं.

कार्बनची काळी ड्रॉइंग शाई घेतली. तिच्यातले कण जेलीच्या जाळीत अडकून राहतात. (नंतरची भर: आठवड्यानंतरही कडा तशीच आहे.)

नवा फँटम: १२, ८ आणि ४ मिमीच्या तीन नळ्या, शाईचं प्रमाण अनुक्रमे १, २ आणि ४. बारीक नळीत गडद शाई अशासाठी, की तिघींमधून सरळ जाणारा प्रकाश साधारण सारखाच अडावा.

१७ जानेवारी

कॅमेरा. इथे मला वाटत होतं, फोटो तो फोटो. भाचीने एक साधी चाचणी करायला लावली: जेली काढून टाक, पॅनेलचा फोटो घे, एक्स्पोजरचा वेळ दुप्पट कर, पुन्हा घे. पिक्सेलचा आकडा दुप्पट व्हायला हवा. जेपेग फोटोत तो सुमारे १.४ पटच झाला. डोळ्याला बरं दिसावं म्हणून कॅमेरा उजेडाचा आकडा वाकवून साठवतो. आपल्याला डोळ्याशी देणंघेणं नाही, प्रकाश किती अडला ते हवंय. रॉ फाइल (सेन्सरचे आकडे न वाकवता ठेवणारी) वापरली, तरीही नेमका दुप्पट येईना. मग कळलं की लेन्सला झाकण लावून काढलेल्या रॉ फोटोतही आकडा शून्य नसतो. माझ्या कॅमेऱ्यात तो ५१२ च्या आसपास आहे. तो वजा केल्यावर दुप्पट म्हणजे दुप्पट आला. रॉमधले फक्त हिरवे पिक्सेल ठेवले.

म्हणजे प्रत्येक स्कॅनला तीन प्रकारचे फोटो: झाकण लावून, जेली नसताना आणि जेलीसकट. पहिला बाकी दोन्हींतून वजा करायचा, जेलीच्या फोटोला रिकाम्या फोटोने भागायचं, आणि भागाकाराचा उणे नैसर्गिक लॉग घ्यायचा. तो लॉग म्हणजे त्या किरणाच्या वाटेतली शाईची एकूण बेरीज. हे लिहिताना एकदम लक्षात आलं: रोज सकाळी रिकाम्या गॅन्ट्रीत (रुग्ण ज्यात सरकतो त्या पोकळ चौकटीत) मी जे एअर कॅलिब्रेशन करायचो, ते हेच. एकवीस वर्षं रिकामा फोटो काढत होतो.

ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, ऑटो फोकस: सगळं बंद. फोकसची रिंग चिकटपट्टीने जागेवर बसवली.

२० जानेवारी

एलईडी पॅनेल मंद करून वापरत होतो, कारण पूर्ण उजेड जास्त वाटला. मंद करायचं स्वस्त सर्किट उजेड खरंच कमी करत नाही, दिवा भराभर चालू-बंद करतं. एक्स्पोजर छोटं असल्याने कधी त्यात चमक जास्त सापडायची, कधी कमी. लागोपाठच्या फोटोंत तीन टक्क्यांपर्यंत फरक. पॅनेल पूर्ण उजेडावर ठेवलं, भिंगाचं छिद्र आवळून एक्स्पोजर पाव सेकंदाचं केलं. शिवाय फोटोच्या कडेला, जिथे जेली कधीच येत नाही, तिथली एक पट्टी राखून ठेवली आणि प्रत्येक फोटो त्या पट्टीच्या आकड्याने भागला. सीटीतही डिटेक्टरच्या कडेला असे संदर्भ डिटेक्टर असतात. हे मला पाठ होतं, पण सुचलं भाचीला.

२४ जानेवारी

मोटर. सगळीकडे मिळणारी छोटी स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर), २८बीवायजे-४८. अर्ध्या पावलांनी चालवली तर एका फेऱ्याला ४०९६ पावलं, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. तेवढी चालवली. चकतीवरची खूण मूळ जागेच्या पुढे गेली. वाटलं, पट्टा घसरला असेल. पट्टा नव्हताच! मग वाटलं, पावलं चुकताहेत. पण पावलं चुकली तर खूण मागे राहायला हवी, पुढे कशी जाईल?

मोटरच्या आत दात्यांची चाकं आहेत आणि त्यांचं गुणोत्तर ६४ नाही, सुमारे ६३.६८ आहे. म्हणून एका फेऱ्याला ४०७५.८ पावलं पुरतात. ४०९६ म्हणजे ३६१.८ अंश. अर्ध्या फेऱ्याला जवळपास ०.९ अंशाची चूक. जेलीच्या कडेला, म्हणजे मध्यापासून ३० मिमीवर, ती अर्धा मिलिमीटर भरते. माझा पिक्सेल ०.२४ मिमीचा आहे, म्हणजे दोन पिक्सेलची फसगत.

किती फोटो? ६० मिमी रुंदीला २५० पिक्सेल. ढोबळ नियम असा की पिक्सेलच्या संख्येला १.५७ ने गुणा, तेवढे कोन १८० अंशांत हवेत. म्हणजे साधारण ३९३. दर पाच अर्ध्या पावलांना एक फोटो घेतला तर कोन ०.४४१६ अंशाचा होतो आणि १८० अंशांना ४०८ फोटो पुरतात. कोन सुबक नाही, पण गणिताला त्याचं काही नाही. खरा कोन सांगा, एवढंच.

दोन लहान गोष्टी. चाकांत ढिलेपणा असतो, म्हणून नेहमी एकाच दिशेने फिरवा आणि पहिल्या फोटोआधी शंभर पावलं तशीच पुढे जाऊ द्या. आणि फिरवल्यावर जेली थरथरते. दीड सेकंद थांबा. एक स्कॅन बावीस मिनिटांचा झाला.

२६ जानेवारी

टाकी गळाली. तळाच्या कोपऱ्यातलं सिलिकोन रात्रीतून सुटलं, पाणी मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डावर. बोर्ड आणि वीजपुरवठा गेला, पॅनेल वाचलं. दुरुस्त केलेली टाकी भरताना पुन्हा सुटली. नवी घेतली. या सगळ्या उद्योगात सर्वांत महाग वस्तू टाकीच, आणि ती दोनदा घ्यावी लागली. नऊ दिवस गेले. वीज लागणारी कोणतीही वस्तू टाकीपेक्षा खाली ठेवू नका.

४ फेब्रुवारी

पहिला पूर्ण स्कॅन. जेलीच्या कडेला सगळीकडून बारीक काळी रेघ. अगरमुळे जेलीचा अपवर्तनांक पाण्याहून किंचित, हजारात एकाने, जास्त आहे. कडेला घासून जाणारे किरण तेवढ्यानेही वळतात. पाण्यात साखर घालून अंतर भरून काढता येतं. एक टक्का साखरेने अपवर्तनांक ०.००१४ ने वाढतो, त्या हिशोबाने सहा लिटरला सुमारे ४० ग्रॅम. मी साखर वरून टाकली आणि हलकेच ढवळली. ती तळाशी बसली, आणि टाकीच्या खालच्या भागात मृगजळासारख्या लाटा दिसू लागल्या. वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून, मग ओता. थोडी थोडी वाढवत गेलो. एका क्षणी जेलीची कडच दिसेनाशी झाली आणि तीन काळ्या नळ्या पाण्यात नुसत्याच लटकल्यासारख्या दिसल्या. भाची म्हणाली, "आता झालं." साखरेचं पाणी तीन दिवसांत वास मारायला लागतं, हेही लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी, रात्री

सगळे फोटो कोडला दिले. पडद्यावर कोळ्याचं जाळं.

कोन तपासले, लॉग तपासला, रात्रीचे दोन वाजले. शेवटी भाचीने सायनोग्राम काढून पाहिला. एका उंचीवरची पिक्सेलची ओळ प्रत्येक फोटोतून उचलायची आणि कोनांच्या क्रमाने एकाखाली एक रचायची. प्रत्येक नळीची त्यात गुळगुळीत लाट दिसायला हवी. आमच्या लाटा तुकडे तुकडे झालेल्या. फाइलची नावं १, २, ३ अशी होती आणि कोड ती १, १०, १००, १०१ अशा क्रमाने वाचत होता. नावं ०००१ पासून सुरू केली.

मग चित्र पूर्ण काळं. फोटोतला एक मेलेला पिक्सेल झाकणाच्या फोटोपेक्षाही कमी आकडा देत होता. वजाबाकी ऋण, ऋणाचा लॉग नाही, तिथे संगणकाने "हा आकडा नव्हे" असा शेरा ठेवला, आणि फिल्टर करताना तो शेरा सगळ्या ओळीत पसरला. खालची मर्यादा घातली. पहाटे चार वाजता तीन गोल दिसले.

माझं मत: काहीही करण्याआधी सायनोग्राम बघा. चित्रात चूक सगळीकडे पसरलेली असते, सायनोग्राममध्ये ती जिथल्या तिथे सापडते.

८ फेब्रुवारी

मला फिल्टर नसलेलं चित्रही बघायचं होतं. प्रत्येक फोटोची छाया ज्या दिशेने आली त्या दिशेने कागदावर परत ओढायची, ४०८ वेळा. गोल दिसतात, पण धुक्यात ठेवल्यासारखे. प्रत्येक बिंदूभोवती उजेडाचं वलय राहतं. ते घालवायला छाया ओढण्याआधी तिच्यातले सावकाश चढउतार दाबावे लागतात आणि तीक्ष्ण कडा उचलाव्या लागतात. यासाठीचा सर्वांत सरळ फिल्टर 'राम-लॅक' या नावाने मी कन्सोलच्या मेन्यूत अनेकदा पाहिला होता. तो जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या १९७१ च्या कामावरून आला, हे मला आज कळलं. मेन्यूतलं नाव आपलं कोणीतरी असेल असं वाटलंच नव्हतं.

तेच वर्ष हाउन्सफील्डच्या यंत्रातल्या पहिल्या रुग्णाचं: १ ऑक्टोबर १९७१, लंडनमधलं ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालय. एका अंशाच्या टप्प्याने १८० कोन, प्रत्येकी १६० मोजण्या, आणि चित्र ८० गुणिले ८०. आमचं जेलीचं चित्र त्याच्या तिप्पट बारीक आहे. अर्थात, आमच्या रुग्णाला बावीस मिनिटं हलू नको असं सांगावं लागत नाही.

९ फेब्रुवारी

नळ्या गोल नाहीत, चंद्रकोरीसारख्या. फिरण्याचा अक्ष फोटोच्या बरोबर मध्यावर आहे असं कोड धरून चालतो. तो सहा पिक्सेल बाजूला होता. शोधायची रीत सोपी: ० अंशाचा फोटो घ्या, १८० अंशाचा घेऊन आरशासारखा उलटा करा, दोन्ही जुळवा. जेवढं सरकवावं लागलं त्याच्या निम्मं अंतर म्हणजे चूक. मोटरचा कोन आधीच दुरुस्त केला नसता तर ही रीत चालली नसती.

वरच्या स्लाइस (चित्राचे आडवे काप) सुधारल्या, खालच्या तशाच. अक्ष ०.७ अंशाने कललेला होता. स्टँडखाली पुठ्ठा.

जाता जाता: वरून पाहिलं तर जेलीत मोठी, मधली, लहान नळी घड्याळाच्या दिशेने येतात. चित्रात उलट्या क्रमाने. भाची म्हणाली, चित्र खालून बघितल्यासारखं असेल. सीटीत आपण रुग्णाच्या पायांकडूनच बघतो, म्हणून मीही पुढे गेलो.

१५ फेब्रुवारी

कडी! ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं फोन करत आलो ती कडी, माझ्या स्वतःच्या यंत्रात.

दोन होती, मध्यबिंदूभोवती, पण अर्धी-अर्धीच. रिकामा फोटो काढल्यानंतर टाकीच्या काचेला आतून बुडबुडे चिकटले होते. जेली फिरते, बुडबुडा तिथेच. प्रत्येक कोनातून तो एकाच पिक्सेलला त्रास देतो, म्हणजे अक्षापासून नेहमी तेवढ्याच अंतरावरच्या रेषेवर. त्या रेषा ज्या वर्तुळाला स्पर्श करतात ते म्हणजे कडं; आमच्या ४०८ रेषा १८० अंशांतल्याच, म्हणून अर्धं. चौकोन न येण्याचं कारण एवढंच. जेलीला चिकटलेला बुडबुडा मात्र जेलीबरोबर फिरतो, त्याचं कडं होत नाही. त्याच्या जागेवरून ताऱ्यासारख्या रेघा फुटतात. त्यामुळे टाकी रिकामी न करता चित्रावरूनच सांगता येतं, फडकं कुठे फिरवायचं ते.

पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलं. रिकामा फोटो स्कॅनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

२२ फेब्रुवारी

या आठवड्याची चूक माझ्या अनुभवानेच केली. सगळीकडे सारखी फिकट शाई असलेला एक साधा दंडगोल स्कॅन केला. चित्रात तो मध्ये खोलगट: मधला आकडा कडेपेक्षा १४ टक्क्यांनी कमी. मी लगेच म्हणालो, बीम हार्डनिंग. एक्स-रेत हे रोजचंच. कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात, उरलेले जास्त भेदक, म्हणून मधला भाग विरळ भासतो. भाचीकडून दोन दिवस दुरुस्तीचं समीकरण लिहून घेतलं. एका दंडगोलाला लागू पडलं, दुसऱ्याला नाही.

मग तिने विचारलं, "मामा, काळी शाई हिरव्यातल्या सगळ्या छटा जवळपास सारख्याच खाते. मग हार्डनिंग कशाने?" उत्तर नव्हतं.

पॅनेलवर काळ्या टेपची उभी पट्टी चिकटवली आणि जेलीतून तिचा फोटो घेतला. पट्टीच्या जागी शून्य यायला हवं. रिकाम्या पॅनेलच्या ६ टक्के आलं. जेलीत विखुरलेला, टाकीच्या बाजूच्या काचांवरून परतलेला, भिंगात घुटमळलेला उजेड. खरा प्रकाश २० टक्के पार होत असेल तर कॅमेऱ्याला जवळपास २५ दिसतात, लॉग १.६१ ऐवजी १.३९. जितका काळोख जास्त तितकी ही भेसळ महाग, म्हणून लांबची वाट असलेला मधला भाग सर्वांत जास्त फसतो.

एक्स-रेत विखुरलेले किरण अडवायला ग्रिड असते, ती मी हजारो वेळा सरकवली आहे. इथे ग्रिडचं काम काळ्या कार्डबोर्डने केलं: पॅनेल जेलीपुरतं उघडं ठेवून बाकी झाकलं, टाकीच्या बाजू बाहेरून काळ्या केल्या, भिंगाला पुठ्ठ्याची नळी लावली, खोली अंधारी. ६ चा एक टक्का झाला, आणि खोलगटपणा इतका कमी झाला की समीकरण पुसून टाकलं.

तीन नळ्यांचे आकडे आता १ : १.९५ : ३.७. असायला हवेत १ : २ : ४. गडद नळीला अजून थोडं कमी मिळतंय, पण ते चालेल.

८ मार्च

परीक्षा. भाचीने मला न दाखवता जेली भरली. आत काय आहे ते फक्त स्कॅनवरून सांगायचं.

वरच्या स्लाइसमध्ये एक काळा ठिपका, मध्यापासून १५ मिमीवर. खालच्या स्लाइसमध्ये तो थोडा सरकलेला. आणखी खाली आणखी सरकलेला. बासष्ट स्लाइस उतरल्यावर तो फिरून मूळ जागी आला. म्हणजे स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं काहीतरी, एका वेढ्याला साधारण १५ मिमी. शिवाय तळाशी एक तारा, म्हणजे बुडबुडा. मी लिहून दिलं: काळ्या जाड दोऱ्याचं वेटोळं, तीन वेढे, डावीकडून चढणारं.

तिने सुरीने जेली कापली. दोरा होता, वेढे तीन होते, बुडबुडाही होता. पण वेटोळं उजवीकडून चढणारं, साध्या स्क्रूसारखं.

दोघंही गप्प. मग मला ९ फेब्रुवारीची नोंद आठवली. वेटोळं खालून बघा की वरून, उजवं ते उजवंच राहतं. बघण्याची बाजू बदलून ते डावं होत नाही. म्हणजे आमचं प्रत्येक चित्र आरशातलं होतं, पहिल्या दिवसापासून. मोटर एका दिशेने फिरत होती आणि कोड दुसरी दिशा धरून चालला होता. कोनांना उणे चिन्ह दिलं, जुना डेटा पुन्हा चालवला. वेटोळं उजवं झालं, आणि तीन नळ्याही घड्याळाच्या दिशेने लागल्या.

छातीच्या प्रत्येक फिल्मवर शिशाचा मार्कर ठेवल्याशिवाय मी कधी बटण दाबलं नाही. डावं-उजवं चुकलं तर शस्त्रक्रिया चुकीच्या बाजूला होते, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि इथे दोन महिने जेलीला मार्कर नव्हता.

९ मार्च

चकतीच्या खालच्या बाजूला, कडेपासून ५ मिमीवर, काळा मणी चिकटवला. त्याच्या शेजारी, घड्याळाच्या दिशेने, त्याहून लहान दुसरा. प्रत्येक स्कॅनची पहिली स्लाइस आता या मण्यांमधूनच जाते. मोठा आधी, लहान नंतर, असं दिसलं तरच पुढच्या स्लाइस उघडायच्या.